लाल टॅग लागलेलं विमान

२ नोव्हेंबर, रविवार

रिटायर होऊन दोन महिने झाले आणि आज घरात माझ्याविरुद्ध ठराव पास झाला. निमित्त चपात्यांचं.

कस्तुरा सकाळी चपात्या लाटत होती. मी सहज पट्टी लावून पाहिली. एक साडेसात इंच, तिच्याखालची सव्वासहा. एकाच हाताचा, एकाच पिठाचा माल, आणि एवढा फरक? मी तोंडाने एक शब्द काढला नाही. फक्त डब्याला लाल टॅग बांधला, म्हणजे माल रिजेक्ट. चाकणच्या कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटीला काढली, निघताना ड्रॉवरमधले दहा-वीस टॅग पिशवीत आले, ते पडून काय करायचेत?

कस्तुराने टॅग वाचला, लाटणं खाली ठेवलं आणि विचारलं, "हा आता काढणार कोण?"

मी नियम सांगितला. लाल टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. तारीख, सही आणि कारण लिहून. मॅनेजर असला तरी त्याने हात लावायचा नाही. टॅगच्या दोन प्रती. एक मालावर, एक माल बनवणाऱ्याकडे.

"मग माझी प्रत द्या," ती म्हणाली. दिली. तिने ती माझ्यासमोर गॅसवर धरली.

संध्याकाळी दीक्षा तळवड्याच्या ऑफिसातून आली. आईने लेकीच्या कानात काय ओतलं देव जाणे, पोरीने मोबाइलवरून माझ्यासाठी रिमोटवर उडणारं विमान मागवून टाकलं. सुटे भाग येणार, जोडायचं आपण. "पप्पा, तुम्हाला मोजायला काहीतरी पाहिजे ना, हे मोजा," म्हणाली. साठीच्या माणसाला खेळणं! मी स्पष्ट नाही म्हणालो. खोकं कधी येणार तेवढं विचारून घेतलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

खोकं आलं. विमान थर्माकोलसारख्या फोमचं आहे, पंखांची लांबी सव्वादोन हात... नको, नीट लिहितो: एक हजार वीस मिलिमीटर. खोक्यावर हजार छापलंय. वीसचा फरक कंपनीला कळवायला हवा.

खरी गंमत पंखांच्या मागच्या कडेला आहे. तिथे दोन हलत्या पट्ट्या असतात, त्यांना एलेरॉन म्हणतात. एक वर गेली की दुसरी खाली जाते आणि विमान कुशीवर कलतं. ज्या बाजूची पट्टी वर, त्या बाजूला विमान कलणार. आत काड्यापेटीएवढ्या मोटारी आहेत, त्या बारीक तारेने पट्टी ओढतात. रिमोटची दांडी मधोमध असताना दोन्ही पट्ट्या पंखाशी तंतोतंत सपाट हव्यात. हे माझंच काम! जन्मभर दुसरं केलं काय मी?

सहा तास पट्ट्या सपाट करत बसलो. मोजायचा व्हर्नियर लावला की फोम दबतो आणि माप बदलतं. दीक्षा म्हणाली, "पप्पा, डोळ्यांनी बघा ना, पुरे आहे." डोळ्यांनी! या पिढीचं अवघड आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

तपासणी पूर्ण. बेचाळीस मुद्द्यांचा तक्ता केला. डायनिंग टेबलावर विमान माझ्याकडे तोंड करून ठेवलं, कंपनीत तपासायचा जॉब ठेवायचो तसं, आणि एकेक मुद्दा बघून खूण केली. दांडी उजवीकडे केली की उजव्या हाताची पट्टी वर: बरोबर. डावीकडे केली की डाव्या हाताची वर: बरोबर. बेचाळीसपैकी बेचाळीस पास. खाली दोन सह्या असतात, बनवणारा आणि तपासणारा. दोन्ही मीच केल्या. तपासणाऱ्याच्या जागी सही करताना हात जरा अडखळला, पण घरात दुसरा लायक माणूस आहे कुठे?

वहीच्या या पानावर हळदीचा डाग दिसतोय. मी तर हळदीला हात लावत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

तळवड्याच्या पलीकडे हिंदुरावांचं पडीक रान आहे. गावचा जुना माणूस, पाच म्हशी, तोंड फाटकं पण मन मोठं. परवानगी मागितली तर म्हणाले, "उडवा की. रान काय कुनी पाठीवर बांधून न्हेतंय व्हय?" मी त्यांना तक्ता दाखवला. कंपनीत कशी शिस्त असते ते समजावलं. ज्याने बनवलं त्याची तपासणी धरत नाहीत, दुसऱ्या माणसाची सही लागते, तरच माल गेटबाहेर. हिंदुराव भारावून ऐकत होते. निदान मला तसं वाटलं.

मग उडवलं. वर गेलं! ते चार सेकंद माझ्या आयुष्यातले सर्वांत छान होते. मग जरा डावीकडे कललं. मी दांडी उजवीकडे केली. ते अजून डावीकडे कललं. मी अजून उजवीकडे. ते पार आडवं झालं आणि कडब्याच्या गंजीत जाऊन शिरलं. जितकं सांगावं तितकं उलट करायचं! असं वागणं मी फक्त घरात पाहिलंय.

वाऱ्यामुळे झालं. वारा होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर डिंक, टेप, पुन्हा सपाट करणं. बेचाळीस मुद्दे पुन्हा पास. आज वारा अजिबात नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं.

विमान उजवीकडे कललं, मी डावीकडे सांगितलं, ते उजवीकडे वळत वळत थेट हिंदुरावांच्या थोरल्या म्हशीच्या पुठ्ठ्यावर बसलं. म्हैस दावं तोडून पळाली. तिला आणायला आम्ही दोघं देहूच्या रस्त्यापर्यंत धावलो. मी धावलो म्हणजे काय, साठीत जेवढं धावतात तेवढं.

हिंदुराव धापा टाकत म्हणाले, "ओव्हाळ साहेब, दुसऱ्याची सही कुठंय?"

"कसली सही?"

"तुमीच सांगितलं न्हवं? ज्यानं बनवलं त्याची तपासणी धरत न्हाईत. कागदावर दोनी सह्या तुमच्याच हायत, मला वाचता येतंय. दुसऱ्या जाणत्या माणसाची सही आणा, मग उडवा. तवर हितं इमान न्हाई. म्हस आज दूध द्यायची न्हाई बगा."

माझाच नियम माझ्या गळ्यात. मान खाली घालून थेरगावला घरी परत आलो. संध्याकाळी कस्तुराला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. तिला वाईट वाटलं असावं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जाणता माणूस शोधतोय.

दीक्षाला विचारलं. "पप्पा, मला कॉल आहे." हिला रोजच कॉल असतो.

वरच्या मजल्यावरचा प्रज्वल मेकॅनिकल इंजिनीअर आहे. त्याला खाली बोलावलं. त्याने विमानाकडे दोन सेकंद बघितलं, "एक नंबर, काका" म्हणाला आणि सही करायला पेन काढलं. मी पेन काढून घेतलं. असल्या सह्यांनी देशाचं वाटोळं होतं.

खरं सांगायचं तर या सगळ्या पिंपरी-चिंचवडात एकच माणूस आहे. वस्तूकडे एक डोळा मिटून बघितलं की त्याला चूक कळायची, माझ्या मशीनला कळायच्या आधी. त्याचं नाव मी या घरात दोन वर्षं काढलेलं नाही आणि आजही काढणार नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मन्सूर.

लिहूनच टाकतो. ही वही माझी आहे, दुसरं कुणी वाचत नाही.

मन्सूर शेख ड्रिलिंगला होता. तो ब्रॅकेटला भोकं पाडायचा, मी ती मोजायचो. अठ्ठावीस वर्षं. एका डब्यात जेवलो. चौदा एप्रिलला तो आमच्याकडे, ईदला आम्ही त्याच्याकडे. दीक्षाच्या लग्नाची बोलणी मोडली तेव्हा मी कुणाशी बोललो असेन तर त्याच्याशीच. त्याचा माल मी कितीदा तरी परत पाठवला, तो शिव्या द्यायचा आणि दुपारी लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकायचा.

एकतीस ऑक्टोबर दोन हजार तेवीस, त्याचा शेवटचा दिवस. शेवटचा लॉट, दोनशे चाळीस ब्रॅकेट. गेजवर, म्हणजे भोक मोजायच्या साधनावर, माप पाच शतांश मिलिमीटरने बाहेर दिसलं. लोक म्हणाले, ओव्हाळ, आज राहू दे. मी म्हणालो, माप ते माप. त्याच्या गळ्यात हार होता आणि मी सगळ्यांच्या समोर लाल टॅगची प्रत त्याच्या हातात दिली. त्याने ती घडी करून पाकिटात ठेवली. पेढा न खाता गेला.

तिसऱ्या दिवशी गेज तपासणीला गेलं तेव्हा कळलं, गेजच पाच शतांशाने चुकत होतं. माल सरळ होता. साहेबांनी तो गुपचूप पाठवून दिला. मी मन्सूरला सांगितलं नाही. आधी म्हटलं उद्या सांगू. मग म्हटलं रागावला असेल, थंड होऊ दे. मग इतके दिवस झाले की सांगायला लाज वाटायला लागली. मला फार वाईट वाटतं. रोज वाटतं. बस, लिहिलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

परवाच्या पानावर पुन्हा हळद. कपाटाच्या फटीतून काहीतरी गळत असणार. प्लंबर बोलवावा.

कस्तुरा आज साडीला फॉल लावायला काळेवाडीला गेली. थेरगावात पन्नास दुकानं आहेत फॉलची. परत यायला चार तास लागले. येताना डब्यात बिर्याणी होती. म्हणाली, दुकानदारीण चांगली आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जेवताना कस्तुरा सहज म्हणाली, "मन्सूरभाई एक तारखेला लातूरला चाललेत म्हणे. सगळं आवरून. कायमचे."

"तुला कुणी सांगितलं?"

"फॉलवालीने."

मी ताट सोडून कॅलेंडर बघून आलो. एक तारीख म्हणजे नऊ दिवस. तो गावी गेला की संपलं. तिकडे जाऊन कोण कुणाला काय सांगणार? फोनवर सांगायची ही गोष्ट आहे का?

दुपारी झोप लागली नाही. विमानाच्या पट्ट्या सपाट करत बसलो. त्या आधीच सपाट होत्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मिक्सर बंद पडला. कस्तुरा म्हणाली, "काळेवाडीला घेऊन जा, तिथे एक जण चांगला करतो." पत्ता लिहून दिला. मी जाऊन बघतो तर दुकानात मन्सूर! रिटायर झाल्यावर मिक्सर-पंखे दुरुस्त करतो, मला कल्पनाच नव्हती. कस्तुरालाही नसणार, नाहीतर तिने मला पाठवलंच नसतं.

मागे फिरणार होतो, पण त्याने बघितलं. केस पार पांढरे झालेत.

"या ओव्हाळ साहेब. बसा." साहेब! अठ्ठावीस वर्षं मला कोंड्या म्हणणारा माणूस.

त्याने मिक्सर उघडला, बंद केला, मग प्लग उघडला. "मिक्सरला काही झालं नाही. प्लगमधली वायर कुणीतरी सोडवली."

"उंदीर असेल."

"उंदीर स्क्रू परत पिळून बसवतो काय, साहेब?"

चहा आला. त्याची बायको, गुलजारभाभी, पडद्यामागून हसल्यासारखी वाटली. मी गेजचं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं विमान. पट्ट्या, म्हैस, सही, सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि एका फडक्याने मिक्सर पुसत होता, पुसून झालेला.

शेवटी म्हणाला, "आमचा माल तुम्ही रिजेक्ट केलेला. आमची सही चालते का तुम्हाला?"

मी म्हणालो, "चालते." गेजचं एक वाक्य बोलायचं होतं, ते तसंच घेऊन परत आलो. मी भित्रा माणूस आहे.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "सोमवारी निघायचंय."

३० नोव्हेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी आठला रानात पोचलो. मन्सूर आधीच आलेला, हिंदुरावांशी म्हशींवर बोलत उभा. मी बाजेवर विमान ठेवलं, तोंड आमच्याकडे करून, आणि तक्ता पुढे केला. त्याने तक्त्याला हातसुद्धा लावला नाही. विमानाला वळसा घालून शेपटीमागे गेला, उकिडवा बसला आणि एक डोळा मिटला.

"उजवं द्या."

मी दांडी उजवीकडे केली.

"परत द्या."

परत केली. त्याने "हं" केलं. हा "हं" मी ओळखतो. तो उठला, पाकीट काढलं आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून एक घडी केलेला कागद काढला. घड्यांवर विरलेला, रंग उडून गुलाबी झालेला. लाल टॅग. माझ्या अक्षरातला. त्याने बाजेच्या सुतळीचा तुकडा तोडून टॅग पंखाला बांधला.

"रिजेक्ट," मन्सूर म्हणाला.

मी भडकलो. "बेचाळीस मुद्दे तपासलेत मी! उजवं दिलं की उजवी पट्टी वर जाते!"

"कुठं बसून बघितलं?"

"समोर बसून. नेहमी बघतो तसं."

"विमान तुमच्याकडं तोंड करून उडणार आहे का साहेब? इकडं या. मागं बसा. जो चालवतो त्याच्या जागेवर."

मागे जाऊन बसलो. दांडी उजवीकडे केली. विमानाची डावी पट्टी वर गेली. समोर बसून जो माझा उजवा हात, तो विमानाचा डावा! तीन आठवडे मी विमानाला रोज उलटा हुकूम देत होतो आणि ते बिचारं मुकाट्याने ऐकत होतं. वारा नव्हता. म्हैस नव्हती. एकटा मीच होतो.

हिंदुराव म्हणाले, "आरं तिच्या! म्हंजी माझी म्हस फुकट पळाली?"

रिमोटवर दिशा उलटी करायचं एक बटण असतं. दहा सेकंदांचं काम. मागे बसून पुन्हा पाहिलं, उजवं दिलं की उजवी वर. ठीक. मी टॅग सोडायला हात पुढे केला तर मन्सूरने माझं मनगट धरलं.

"विमान पास आहे. टॅगचं वेगळं आहे. टॅगवर सही कुणाची?"

"माझी."

"मग नियमाने काढा. तारीख, सही, कारण."

मी खिशातलं पेन काढलं. टॅगवर एकतीस ऑक्टोबर, दोनशे चाळीस नग, शेरा: माल मापाबाहेर. खाली टॅग बंद करायचे रकाने अजून कोरे. तारीख लिहिली. सही केली. कारणापाशी पेन थांबलं.

मी लिहिलं: गेज चुकीचं होतं, माल बरोबर होता. मग वाटलं, बिचाऱ्या गेजच्या माथी किती मारणार? जागा संपली होती, म्हणून कडेला आडवं लिहिलं: तपासणाऱ्याला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. त्याने सांगितलं नाही. चूक तपासणाऱ्याची.

मन्सूरने चष्मा लावून वाचलं. टॅग फिरवून कडेचंही वाचलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "गेज तपासणाऱ्या माणसाने मला त्याच आठवड्यात फोन केलेला."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीस?"

"टॅग तू लावलेला. मी कसा काढू?"

मला रडू आलं. पाच म्हशी आणि एक जमीनमालक यांच्यासमोर मी एखाद्या पोरासारखा रडलो. मन्सूरने फडकं दिलं, मिक्सर पुसायचंच होतं. "कोंड्या, नाक पूस," तो म्हणाला. "आणि उडव आता. मी तक्त्यावर सही करतो, म्हशीची जबाबदारी तुझी."

उडालं. उजवीकडे म्हटलं की उजवीकडे, डावीकडे म्हटलं की डावीकडे. अकरा फेऱ्या मारल्या. बाराव्या फेरीला मन्सूरने रिमोट ओढून घेतला आणि माझ्यापेक्षा चांगलं उडवलं, हरामखोराने. हिंदुराव म्हणाले, आमाला बी द्या. त्यांनी ते थेट गंजीत उतरवलं आणि म्हणाले, बरोब्बर तिथंच उतरवायचं होतं.

निघताना मी मन्सूरला म्हणालो, "लातूरला गेलास तरी फोन करत जा. मी येईन तिकडे."

"चार दिवसांनी परतच येतोय. मेहुण्याच्या पोरीचं लग्न आहे."

"कायमचा नाही?"

"कायमचा? वेड लागलंय काय? दुकान कोण बघणार? कोण म्हणालं तुला?"

घरी आलो. कस्तुरा चपात्या लाटत होती. झालेलं सगळं सांगितलं, रडलो तेवढं सोडून. ती म्हणाली, "रडलात ना?" हिला कसं कळतं? मग मी जरा कडक आवाजात म्हणालो की तुझ्या फॉलवालीची माहिती साफ चुकीची निघाली, तो चार दिवसांसाठीच चाललाय, आणि मी आठ दिवस जीव टांगणीला लावून बसलो.

"माझंही गेज चुकलं असेल," ती म्हणाली. तिच्या हाताला हळद होती. "लावा लाल टॅग."

मी ड्रॉवर उघडला, टॅग हातात घेतला आणि परत ठेवला. जेवायला बसलो. चपात्या आजही लहानमोठ्या होत्या. मी सहा खाल्ल्या.